'मला जमणार नाही' म्हणणाऱ्याला देव काय म्हणाला?

शब्बाथशाळेच्या_बाई (धागाकर्ती)

सर्वांना सलाम.

सोलापुरात आमच्या मंडळीत मी बरीच वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांना बायबल शिकवायचा रविवारचा वर्ग, घेते. तिथली मुलं आता मोठी झालीत. कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, कुणी नर्सिंगला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. उपासना सुटली की आवारात एखादं तरी पोर मला बाजूला घेतं आणि म्हणतं, "बाई, प्रार्थना करा, मला काही जमेल असं वाटतच नाही." आपण मोठी माणसं पटकन म्हणून जातो, "प्रभूवर विश्वास ठेव, सगळं जमेल." पोर मान डोलावतं, निघून जातं. पुढच्या रविवारी पुन्हा तोच चेहरा.

आपलं हे उत्तर मला अपुरं वाटतं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, देव असं उत्तर देताना मला तरी दिसत नाही.

निर्गमचा तिसरा आणि चौथा अध्याय काढा. मोशे मिद्यानात सासऱ्याची मेंढरं राखतोय. वय ऐंशीच्या घरात. गुलामीतल्या इस्राएली लोकांना सोडवायला मिसरच्या राजाकडे, फारोकडे, जा असं देवानं म्हटल्यावर त्याच्या तोंडून पहिलं काय निघतं? फारोकडे जाणारा मी कोण? आता देवाला सांगता आलं असतं की अरे, तू राजवाड्यात वाढलास, तिथले रीतिरिवाज तुला ठाऊक, तुझ्याहून योग्य माणूस कुठे मिळणार? यातलं काही खोटंही नव्हतं. पण देव मोशेची एकसुद्धा तारीफ करत नाही. तो एवढंच म्हणतो, "मी तुझ्याबरोबर असेन." विचारलं होतं 'मी कोण', त्याचं उत्तर मिळालंच नाही. त्याऐवजी सोबत मिळाली.

मोशेचं तेवढ्यानं भागत नाही. तुझं नाव काय सांगू? त्यांनी विश्वास ठेवला नाही तर? माझी जीभ जड आहे. आणि शेवटी उघडच, प्रभू, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. इथे देवाचा राग भडकला असं लिहिलंय. संदेश देणारे बहुतेक वेळा इथेच थांबतात आणि आपल्याला दटावतात. पण राग आल्यावर देव बोलतो काय ते वाचा. तुझा भाऊ अहरोन चांगला बोलतो, आणि पाहा, तो तुला भेटायला निघाला आहे. म्हणजे मोशे इकडे नाही-नाही म्हणत होता, तेव्हा अहरोन वाटेला लागलेला होता.

शास्ते ६ मध्ये देव गिदोनाला शत्रूशी लढायला पाठवतो, तेव्हा तो म्हणतो, मनश्शे वंशात माझं कूळ सगळ्यांत दुबळं आणि बापाच्या घरात मी सगळ्यांत लहान. उत्तर तेच, मी तुझ्याबरोबर असेन. संदेष्टा यिर्मया म्हणतो, मला बोलता येत नाही, मी केवळ बाळ आहे. पुन्हा तेच, मी तुझ्याबरोबर आहे. तिघांपैकी एकालाही 'तू समर्थ आहेस' असं पटवून पाठवलेलं नाही. तिघंही डळमळत्या पायांनीच निघाले.

मला वाटतं, आपल्या पोरांना हे सांगायला हवं. आपली किंमत काय याचा हिशेब आधी पुरा करायचा आणि मगच कामाला हात घालायचा, असं देवानं कुठं ठरवून दिलेलं नाही. तुमचे अनुभव लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

---

रात्रपाळी_सिस्टर

बाई, सलाम. मी कुंभारीच्या घरकुलात वाढले. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला, आता एका खासगी दवाखान्यात आहे. तुमचा धागा वाचून पहिल्यांदाच अशा ठिकाणी लिहितेय.

माझी आई विड्या वळते. पानं भिजवायची, कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायचं. कारखान्यात माल द्यायला लहानपणी मी तिच्याबरोबर जायची. तिथला माणूस जुड्या उलटसुलट करून बघायचा आणि ही सैल, ही बारीक, ही फाटकी म्हणत छाट काढायचा. छाटात गेलेल्या विडीचे पैसे नाहीत. आई काही बोलायची नाही. मी त्याच्या बोटांकडे बघत उभी असायची.

आज कुणी वरिष्ठ माझ्या कामाकडे बघायला आलं की मला तीच बोटं दिसतात. आता मला छाटात काढणार असं वाटतं. लहान बाळाला सलाईन लावायचं असलं की शीर दिसत असूनही हात थरथरतो. औषधाची बाटली पुन्हा पुन्हा वाचते. घरी आल्यावरही झोप लागत नाही, सलाईनचा वेग बरोबर ठेवला होता ना, हेच डोक्यात फिरत राहतं. मी कामात कमी नाही हे माझ्या बरोबरीच्या मुली सांगतात. मला पटत नाही.

प्रार्थना रोज करते. वचनं पाठ आहेत. तरी हात थरथरतोच. मग माझा विश्वास खोटा आहे का? हे चर्चमध्ये विचारायची भीती वाटते, म्हणून इथं विचारतेय.

---

निर्भीड_साक्षी

ताई, रागावू नका, पण सरळ सांगतो. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिलंय की संशय धरणारा माणूस वाऱ्यानं हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा असतो, त्याला प्रभूपासून काही मिळेल असं त्यानं समजू नये. संशयाला जागाच द्यायची नाही. फिलिप्पैकरांस ४:१३ तोंडानं कबूल करा, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे. सकाळ-संध्याकाळ मोठ्यानं म्हणा. भीती पळते.

आणि बाई, तुम्ही गिदोनाचं अर्धंच लिहिलंत. सातव्या अध्यायात देव म्हणतो, ज्याला भीती वाटत असेल त्यानं घरी जावं. बावीस हजार परत गेले. मग भित्र्यांना देव वापरतो असं कसं म्हणता?

---

शब्बाथशाळेच्या_बाई

भाऊ, चांगलं विचारलंत, आणि वचन काढून विचारलंत याचा आनंद आहे.

आधी सिस्टरला. बाळा, तुझा विश्वास खोटा नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठव. मुलाला झटके येतायत, शिष्यांना काही करता आलेलं नाही, आणि तो येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूनं त्याला 'जा, पक्का विश्वास घेऊन ये' म्हणून माघारी धाडलं नाही. मुलगा तिथेच बरा झाला.

आता याकोब. तिथं विषय आहे देवाजवळ ज्ञान मागण्याचा. मागायचं देवाजवळ आणि मनात धरायचं की हा काही देणार नाही, त्या दुटप्पीपणाबद्दल याकोब बोलतोय. देव देईल की नाही हा एक संशय, आणि माझा हात ऐनवेळी चालेल की नाही ही वेगळी गोष्ट. सिस्टरला देवाबद्दल शंका नाहीच, असती तर ती रोज प्रार्थनेला बसली नसती. या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो आणि आधीच घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर पापाचं ओझंही ठेवतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण अशी पोरं मग चर्चला यायचीच बंद होतात.

फिलिप्पैकरांस ४:१३ च्या वरची ओळ वाचा. हे पत्र प्रेषित पौल तुरुंगातून लिहितोय. तृप्त असणं आणि उपाशी असणं, भरपूर असणं आणि गरजेत असणं, या सगळ्याचं रहस्य मला शिकवण्यात आलंय, असं सांगून मग तो ते वाक्य लिहितो. त्यातलं 'सर्वकाही' म्हणजे मुलाखतीत पास होणं नव्हे. उपाशी राहावं लागलं तरी निभावून नेणं त्यात येतं.

आणि गिदोन. त्या बावीस हजारांना पाठवण्याचं कारण देवानं आधीच सांगितलंय, लोक जास्त आहेत, जिंकल्यावर आमच्याच हातानं जिंकलो अशी बढाई मारतील. परत गेलेल्यांना एका शब्दानंही दोष दिलेला नाही. आता त्याच अध्यायात थोडं पुढं या. लढाईच्या रात्री देव खुद्द सेनापतीला म्हणतो, तुला एकट्यानं खाली जायला भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घे. गिदोन काय करतो? पुराला बरोबर घेतो! सेनापतीच भ्यालेला होता हो. देवाला ते माहीत होतं आणि त्यानं त्याची सोयही करून ठेवली.

---

माग_चालू

मी काय लई लिहिणारा माणूस नाही. टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. घरात तेलुगू, शाळा मराठी. बोलताना माझं अजून चुकतं, 'तो भिंत' म्हणून जातो, 'ती दगड' म्हणतो. शाळेत पोरं हसायची, तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडते.

पाळकसाहेबांनी मला रविवारचा शास्त्रपाठ वाचायला सांगितला. मी नाही म्हटलं. परत सांगितलं, परत नाही म्हटलं. मग ते म्हणाले, बरं, कुठला पाठ आहे ते तरी घेऊन जा. कागद घेऊन गेलो. मागाच्या खटखटाटात शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही. तिथंच कागद खोचून ठेवला आणि मोठमोठ्यानं वाचायला लागलो. कांडी बदलायची, दोन ओळी वाचायच्या. धागा तुटला की थांबायचं, जोडायचा, परत पहिल्यापासून. कुणाला काय कळणार?

रविवारी उभा राहिलो तर पाय लटपटायला लागले. पहिल्या बाकावरचे एक म्हातारे काका उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. माझ्या ओळीखाली बोट धरून सरकवत राहिले. मी वाचलं. तीन-चार ठिकाणी अडखळलो, कुणी हसलं नाही.

बाई, तुम्ही अहरोन लिहिलं तेव्हा मला ते काका आठवले. ते आता नाहीत. मी अजून वाचतो, अजून चुकतो.

---

केडगाव_स्टेशन

वरचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं, भाऊ.

सोलापूरहून पुण्याला गाडीनं जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायकांचा आश्रम, तिथलं. त्यांचं नाव आपण नेहमी मोठ्या कर्तबगार बाई म्हणून घेतो आणि त्या खरोखर तशा होत्याच. पण या धाग्याच्या संदर्भात त्यांच्या आयुष्यातली मधली काही वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात.

जन्म १८५८ चा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. पुढं भाऊ गेला, लग्नानंतर थोड्याच काळात नवराही गेला, पदरात लहान मनोरमा. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तर ऐकू कमी येतं म्हणून तो रस्ता बंद झाला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आपल्याला वाटतं, बाप्तिस्मा झाला, आता मन शांत झालं असेल. तसं झालं नाही. रमाबाईंनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण ख्रिस्त मिळालेला नाही. धर्म समजला होता, त्यातली सत्यं बुद्धीला पटली होती, आणि तरी आत अस्वस्थता होती. आपण त्याला पसंत पडण्याजोगे आधी होऊ, मग तो स्वीकारेल, ही धडपड सुटली आणि जशी आहे तशी मी त्याची, एवढ्यावर त्या येऊन ठेपल्या, तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. आणि याच अस्वस्थ वर्षांत, १८८९ साली, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली होती हे विसरू नका. मन स्थिर होईपर्यंत काम थांबवलं नव्हतं.

पुढं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं भाषांतर एकटीनं केलं. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. ज्यांना समाजानं टाकलं होतं त्या बायकांनी छपाईचे ते खिळे (अक्षरं) जुळवले. सिस्टर, तुमच्या आईच्या छाटाबद्दल वाचताना मला हे आठवलं.

---

वारीतला_एक

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात पंढरीची वारी आहे. धागा मनापासून आवडला. संतांनीही स्वतःला हीन, दीन म्हणवून घेतलंय आणि तरी केवढं काम करून ठेवलंय, त्यामुळे हे मला परकं वाटलं नाही.

एक शंका मात्र आहे, वादासाठी नाही. सगळं देवाच्या सोबतीवर सोपवलं तर माणूस आयता बसणार नाही का? माझा भाचा परीक्षेला अभ्यास न करता देवळात जाऊन बसतो, म्हणून विचारतोय.

---

शब्बाथशाळेच्या_बाई

दादा, तुमचं स्वागत. भाच्याला अभ्यासाला बसवा, त्यात देवाची ना नाही!

पौलाचं एक वाक्य आहे, १ करिंथ १५:१० मध्ये. त्या सर्वांपेक्षा मी अतिशय श्रम केले, ते मी केले असं नाही, तर माझ्याबरोबर असणाऱ्या देवाच्या कृपेनं. दोन्ही भाग त्याला एकदम खरे वाटतात. श्रम कमी झाले नाहीत, उलट वाढले. वर माग चालवणाऱ्या आमच्या भावाचं बघा ना, काका शेजारी येऊन उभे राहिले खरे, पण कागद घेऊन आठवडाभर घसा कुणी ताणला? रमाबाईंना हिब्रू काही स्वप्नात आली नाही. ज्याला आपण एकटे नाही हे कळलं, त्याची घाबरण्यात जाणारी ताकद कामाला लागते, असा माझा तरी अनुभव आहे.

---

मनाचा_दवाखाना

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, आणि मी विश्वासणारी आहे. सिस्टरसाठी लिहिणं गरजेचं वाटलं.

नवीन नोकरीत हात थरथरणं, दोनदा तपासणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. औषध दोनदा वाचणारी नर्स मला माझ्या आईच्या वॉर्डात आवडेल. पण घरी आल्यावरही तेच चक्र फिरत राहणं, झोप उडणं, हे बरेच आठवडे चालू असेल तर ते नुसत्या प्रार्थनेवर ठेवू नका. प्रार्थना चालू ठेवा आणि दाखवूनही घ्या. सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास असते, मराठीतून बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. आपल्या मंडळीत याची लाज फार आहे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला कुणी विचारत नाही तुझा विश्वास कुठं गेला, मग झोपेसाठी डॉक्टरकडे गेलेल्याला का विचारायचं?

शास्त्रातलंच सांगायचं तर १ राजे १९. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या भीतीनं पळालाय, झुडपाखाली बसून म्हणतोय, आता पुरे, माझा जीव घे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला त्यानं नुकताच पाहिला होता, तरी ही अवस्था. देव त्याला आधी काय देतो? झोप. मग देवदूत येऊन निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो. खाऊन तो परत झोपतो, पुन्हा उठवून खायला घालतात, कारण तुला लांब जायचंय. प्रश्नोत्तरं नंतर, डोंगरावर पोचल्यावर. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकीनं हा अध्याय वाचावा. जेवण टाळून ड्युटी करू नका.

---

निर्भीड_साक्षी

बाई, पुराची गोष्ट मी वाचली होती, पण लक्षात राहिली नव्हती. मान्य.

तरी माझं एक सोडत नाही. मी दारूत बुडालेलो होतो. तेव्हा माझ्या डोक्यात बापाचा आवाज सारखा चालायचा, तू वाया गेलेला आहेस. त्या आवाजापुढं दुसरा आवाज उभा करावा लागला, म्हणून मी वचन मोठ्यानं म्हणायला लागलो. रोमकरांस ८:१, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा (शिक्षेचा निकाल) नाहीच. कामाला जाताना सायकलवर म्हणायचो, लोक बघायचे. मी त्यानं वाचलो. म्हणून ताईंना तसं लिहिलं, दुखवायचं नव्हतं.

---

शब्बाथशाळेच्या_बाई

भाऊ, हे आधी लिहिलं असतंत तर मी तुम्हाला एवढं उत्तर दिलंच नसतं. पाठ केलेलं वचन अंधारात उपयोगी पडतं, याबद्दल माझं दुमत नाही, मी पोरांकडून पाठ करून घेते ते त्यासाठीच. आणि सिस्टर, रोमकरांस ८:१ तुझ्यासाठीही आहे. छाट काढणाऱ्या त्या बोटांना उत्तर द्यायला याहून नेमकं वचन मला सुचत नाही.

---

रात्रपाळी_सिस्टर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस ड्युटी होती म्हणून उशीर झाला.

काल एका बाळाला सलाईन लावायचं होतं. मी आमच्या एका सीनियर सिस्टरना म्हटलं, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहाल का? आधी मला हे विचारायची लाज वाटायची, विचारलं की आपल्याला येत नाही हे कळेल असं वाटायचं. त्या हो म्हणाल्या, बाळाचा हात धरून उभ्या राहिल्या. हात थरथरला, पण शीर मिळाली. नंतर त्या म्हणाल्या, नवीन असताना त्यासुद्धा कुणाला तरी उभं करायच्या.

१४४१६ चा नंबर मोबाइलमध्ये ठेवलाय. अजून लावला नाही, या आठवड्यात लावणार आहे. आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती छाटाबद्दल काही बोलली नाही, पण माग चालवणाऱ्या भाऊंचं परत वाचायला लावलं.

बाई, गिदोनाचं पहिल्यापासून वाचायचंय. कुठून सुरू करू?

---

शब्बाथशाळेच्या_बाई

शास्ते, अध्याय ६ पासून ८ पर्यंत. घाई करू नकोस. ६:२७ ला थांब, तिथं गिदोनाला बआल या दैवताची वेदी मोडायला सांगितलंय आणि घरच्यांच्या व गावाच्या भीतीनं तो ते काम दिवसा न करता रात्री, दहा चाकर बरोबर घेऊन करतो. काम झालं, आणि रात्री केलंस म्हणून देवानं त्याला काही म्हटल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

आम्ही पाच-सहा जणी शनिवारी संध्याकाळी बसून वाचतो, या शनिवारी हाच भाग घेऊ. ड्युटीवरून थेट आलीस तरी चालेल. बोलायलाच हवं असं नाही. तुला मेसेजमध्ये पत्ता पाठवते. आईलाही घेऊन ये.